वसुलीवाल्याचा चहा

महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन येते आणि त्याच दिवशी तिचा मोठा लचका हप्त्याला जातो. उरलेल्यात गोळ्या आणि दुधाचं बिल भागतं. बसचं तिकीट, देवीला वेणी, नातीला पेरू यासाठी सुनेकडं मागावं लागतं. सून वाईट नाही. "किती देऊ, आई?" एवढंच विचारते. पण तो 'किती' मला अजून गिळता येत नाही.

हे सगळं एका बाईनं करून ठेवलं. ती बाई म्हणजे मीच, पण दहा-बारा वर्षांपूर्वीची. साठीतली अल्लड पोर! गौरीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या होत्या. सतरंजीवर बसताना एकीचा गुडघा कडकन वाजला आणि हिला वाटलं, आपल्या घराची अब्रू गेली. पुढच्याच आठवड्यात हप्त्यावर सोफा आला. तांबडा, मखमली. दारातून आत जाईना म्हणून चौकट उचकटली. ह्यांनी डोक्याला हात लावला. मग फ्रीज आला, तोही हप्त्यावरच. दोन दारांचा घेतला, कारण शेजारणीकडं एका दाराचा होता. त्यात ठेवायला घरात होतं काय? दही आणि कोथिंबिरीची जुडी. ती जुडी मात्र राणीसारखी राहायची.

नंतर हे आजारी पडले. दवाखान्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं. त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. हे गेले, आणि सोफा-फ्रीजचे हप्ते थांबले ते थांबलेच.

मग वसुलीवाले यायला लागले. फ्रीजवाला गल्लीच्या तोंडापासूनच हॉर्न वाजवत यायचा. आमच्या सगळ्या उचगावाला ऐकू जाईल असं ओरडायचा, "ओ आजी, पाणी गार लागतंय न्हवं? मग पैसं द्या की!"

मी खरकट्या पाण्याची बादली घेऊन पायरीवर उभी राहायची. "आणखी एक पाऊल टाक, तुलाच गार करते!"

चार-सहा वेळा आला, मग यायचाच बंद झाला. त्याला एक रुपया दिला नाही की कागदाला हात लावला नाही.

सोफावाला वेगळा. शाहूवाडीकडचा, चाळिशीचा, तोंडानं साखर. चपला बाहेर काढायचा, आधी ह्यांच्या फोटोला हात जोडायचा. त्याच सोफ्याच्या कडेला अवघडून बसायचा आणि म्हणायचा, "मावशी, गुडघं कसं हायती?" इतकं कोण विचारतं हो? माझ्या पोटच्या पोरानंही विचारलं नव्हतं. मी आलं घालून चहा करायची. उठताना तो मान खाली घालायचा. "सायेब लई बोलत्यात, मावशी. अगदीच रिकामा नगा धाडू."

आता दारात आलेल्या पावण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं? आमच्याकडं ते जमत नाही. डब्यातली पन्नासाची नोट काढून द्यायची. मग तो पिशवीतून त्याचं वसुलीचं बुक काढायचा. "हितं एवढी सही करा की. माझ्यासाठी."

आणि ही बाई चष्मा पुसून, शेवटच्या अक्षराला झोकदार शेपटी काढून सही करायची. तो म्हणायचा, "काय अक्षर हाय, मावशी!" झालं. बाई दिवसभर खूश. वर्षानुवर्षं, सणावाराला, हा कार्यक्रम चालला.

शेवटी व्याज फुगलं, नोटिसा आल्या, तेव्हा सून मला शहरातल्या एका कर्ज-सल्ला केंद्रात घेऊन गेली. तिथल्या वकीलबाईंनी तिन्ही कर्जवाल्यांशी बोलून एकच हप्ता बांधून दिला. तो भरायचा, म्हणजे दाराशी कुणी येणार नाही. करारावर माझी सही घेताना मात्र त्यांनी आधी 'हरकतीचा हक्क राखून' असं लिहिलं.

"आजी, जुन्या कर्जात तीन वर्षांत पैसे दिले नसतील, लेखी कबुलीही दिली नसेल, तर त्याची मुदत संपते. मग कोर्टातून वसूल करता येत नाही. आपण हरकत घेऊ."

सोफा जुना, फ्रीजही जुना! मी घरी येऊन सुनेला तोऱ्यात सांगितलं, "आता दवाखान्याचं तेवढं फेडायचं. तुझ्यापुढं हात करायची न्हाय मी." ती हसली. त्या दिवशी पेरूही मी उधारीवर आणला, बघा मस्ती.

हरकतीच्या दिवशी केंद्रात सगळे जमले, आणि फ्रीज लगेच सुटला. त्यांच्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. मग सोफ्याच्या कंपनीच्या माणसानं ती बुकं टेबलावर मांडली. पान उलटलं की माझी सही. शेपटीसकट.

"ह्या तुमच्याच?" वकीलबाईंनी विचारलं.

"माझ्याच. पण मी पन्नासच द्यायची हो!"

"दर वेळी पैसे देऊन सही केली की मुदत नव्यानं सुरू होते, आजी. काहीच दिलं नसतं तर बरं झालं असतं."

ज्याच्यावर बादली उगारली त्याचं कर्ज मेलं. ज्याला आलं घालून चहा पाजला त्याचं माझ्या हातानं जगलं. सोफ्याचा आकडा फ्रीजच्या दुप्पट. हप्ता जरासा उतरला, पण त्यानं सुनेचा 'किती' सुटला नाही.

गेल्या महिन्यात तो पुन्हा आला. वसुलीला नाही, इकडून चालला होता म्हणून. चपला काढल्या, फोटोला हात जोडले. "मावशी, राग न्हाय न्हवं? पोटासाठी करावं लागतंय."

"बसा, पावणं," मी म्हटलं. आजवर मी त्याला कधी पावणं म्हटलं नव्हतं, 'बाळा' म्हणायची. त्याच्या ते ध्यानात आलं असावं.

चहा आणला, सोबत नातीच्या वहीचं पान आणि पेन. 'चहा मिळाला' एवढंच त्यावर लिहिलं होतं.

"हितं एवढी सही करा की."

तो हसला. मी हसले नाही, तसा तोही थांबला. "सही कशाला, मावशी?"

"माझ्यासाठी."

त्यानं पान उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, पेनाला बोटही लावलं नाही. चहावर साय धरली. "जरा घाई हाय," असं काहीतरी पुटपुटत उठला आणि चपला धड न घालताच पायरी उतरला.

म्हणजे सही काय असते, ते त्याला पहिल्या पन्नासापासून पक्कं माहीत होतं.

गार झालेला चहा मी सायीसकट पिऊन टाकला. दूध माझ्या पैशाचं होतं.