गुडघे ठीक असलेल्या आयरीनबाई

आठही जणांनी एकमेकांचे हात धरले आणि डोळे मिटले. सँडविच खाण्याआधीची प्रार्थना सुरू झाली आणि काचेमागे बसलेल्या मला कळलं, की हा ग्रुप वाया गेला.

मी कॅनडातल्या किचनर शहरात एका छोट्या सर्व्हे कंपनीत होते. २०१२ चा हिवाळा होता आणि मी प्रोबेशनवर होते. फोकस ग्रुप म्हणजे सात-आठ लोकांना टेबलाभोवती बसवून मोकळेपणानं बोलायला लावायचं. आपण एका बाजूनेच दिसणाऱ्या काचेमागून ऐकायचं. नियम एकच, या लोकांची आपसात ओळख नको. हे आठजण तर शेजारच्या गावातल्या एकाच चर्चचे होते.

चूक माझी होती. अनोळखी माणसांना फोन करायची मला भीती वाटायची. पहिल्याच बाई प्रेमानं बोलल्या आणि त्यांनी आपणहून सात नंबर दिले. मी देवाचे आभार मानले आणि पुढची यादी बंद केली.

क्लाएंटचा प्रश्न असा होता: इव्हँजेलिकल ख्रिश्चन, म्हणजे बायबलचा शब्द अंतिम मानणारे आणि श्रद्धा हा स्वतः घेतलेला निर्णय समजणारे लोक. त्यांच्यातले बरेच जण वर्षानुवर्षं उजव्या पक्षाला मत देतात. पण एखाद्याचं आपल्याच चर्चच्या पुढाऱ्यांशी पटेनासं झालं, तर त्याचं मतही हलतं का? त्याच पक्षाच्या सरकारनं त्या वर्षी निर्वासितांच्या औषधपाण्याचा खर्च कमी केला होता. अनेक चर्च निर्वासित कुटुंबांना सांभाळत होती. त्यामुळे कुठेतरी नाराजी असणार, असा अंदाज होता.

आमचे मिलिंददादा ग्रुप चालवत होते. ते नागपूरचे, वीस वर्षांपासून कॅनडात. त्यांनी चार प्रकारे विचारून पाहिलं. उत्तर एकच, "आमच्यात सगळे एक आहेत." टोकाला बसलेल्या आयरीन नावाच्या सत्तरीतल्या बाई तेवढ्या उठून कप गोळा करत राहिल्या.

"म्हणजे मतभेद नाहीतच," काचेमागे माझ्या शेजारी बसलेला क्लाएंट ग्रेग म्हणाला. "छान. रिपोर्ट छोटा होईल."

लोक गेल्यावर मी दादांना खरं सांगितलं.

"काऊन नाही सांगितलंस आधी?"

"फोन करायचा धीर होत नव्हता."

ते हसले. "माझ्या बापाला साऱ्या भावकीसमोर बसवून विचारलं असतं ना, मत कोणाला देता, तर त्यानं तुला फक्त चहा पाजला असता. जा आता. एकेकाच्या घरी जा."

मग मी आठ घरं केली. बर्फातून, एकटीनं गाडी चालवत. आयरीनबाईंचं घर शेवटचं. त्यांनी मला किचनमध्ये बसवलं, समोर घरी भाजलेला ॲपल पाय ठेवला आणि बराच वेळ माझ्या आईची चौकशी केली. मी प्रश्न विचारलाच नाही. मला गप्प बसता येतं, तेवढंच काय ते येतं.

"मी तीस वर्षं चर्चच्या संडे स्कूलमध्ये मुलांना बायबल शिकवलं," त्या म्हणाल्या. "आम्ही सांभाळतो त्या कुटुंबातल्या आजोबांना डायबिटीस आहे. त्यांचं इन्शुलिन बंद झालं आणि आमच्या चर्चच्या लॉबीत मात्र त्याच पक्षाची पत्रकं. मी पास्टरना पत्र लिहिलं. उत्तर नाही आलं. मग मी शिकवणं सोडलं. आता चर्चच्या किचनमध्ये फक्त भांडी घासते. सगळ्यांना सांगितलंय, गुडघे दुखतात."

"आणि दुखतात का?"

"छे. गुडघे उत्तम आहेत."

"मग पुढच्या वेळी मत?"

"त्यांना नाही. माझे मिस्टर हॅरल्ड गेले तेव्हा वाटलं होतं, निदान मत तरी त्यांच्यासारखंच देत राहीन. पण नाही." त्यांनी माझ्या ताटात आणखी ॲपल पाय वाढला. "हे चर्चमध्ये कळता कामा नये हं. ते मला काढणार नाहीत. ते माझ्यासाठी प्रार्थना करतील. मोठ्यानं, नाव घेऊन, दर रविवारी. हे वय नाही गं ते सहन करायचं."

मी कळणार नाही असा शब्द दिला.

रिपोर्टच्या कॉन्फरन्स कॉलवर ग्रेग माझ्या बिननावाच्या नोंदी वाचून खूश होता. "ही गुडघ्यांची गोष्ट पहिल्याच पानावर घेऊ. नाव नको."

एरवी कॉलवर मी फक्त हॅलो आणि बाय म्हणायचे.

"ती घेता येणार नाही," मी म्हणाले. "तीस वर्षं शिकवून गुडघ्यांसाठी थांबलेली बाई त्या गावात एकच आहे. वाचणारा लगेच ओळखेल."

"मग उरतं काय?"

"आठातल्या तिघांचं चर्चशी पटत नाही. पैकी दोघं तरीही त्याच पक्षाला मत देणार."

"आणि बदलणारी ही एकच?"

"हो."

"म्हणजे तुमचा सगळा निष्कर्ष ही एक बाई, आणि तीच तुम्ही काढून टाकताय."

मी दादांकडे पाहिलं. ते पेन्सिलीला टोक करत होते. "फील्डवर्क तिचं आहे, ग्रेग," ते म्हणाले. "ती म्हणते ते."

रिपोर्टमध्ये एक रूक्ष वाक्य गेलं: धार्मिक मतभेदानं राजकीय निष्ठा क्वचितच बदलते, बदलली तरी माणूस चर्च सोडत नाही, चर्चमधलं काम बदलतो. ग्रेगनं पुढचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. दादांनी माझं प्रोबेशन संपवून मला कायम केलं आणि पुढच्या प्रोजेक्टचे सगळे फोन मलाच करायला लावले. त्यातल्या निम्म्या लोकांनी फोन आपटला. त्यानं माणूस मरत नाही, हे कळलं.

धंद्याचा धडा एवढाच, की ओळखीची माणसं एका टेबलाशी बसवून मतभेद विचारू नयेत. एकेकाच्या घरी जाऊन विचारावेत, आणि हाती लागतील ते सगळेच छापू नयेत.