हरभऱ्याचा टंच

मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या दोन्ही मांड्यांना फीत लावली, तेव्हा डावी साडेअठरा इंच भरली आणि उजवी सतरा. आकडे त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नर्सला सांगितले, मला नाही. जणू त्या मांड्यांशी माझा काही संबंधच नव्हता. तहसील कचेरीच्या जिन्यावर घसरून उजवा पाय मोडला होता. प्लास्टर निघाले, हाड जुळले, परंतु आतले मांस वाळून गेले होते.

"तीन महिन्यांत स्नायू भरला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "नाही भरला तर काठी घ्या. आणि ती पुन्हा सुटेल, असं मी सांगणार नाही."

काठीविषयी मला तिरस्कार नाही. परंतु मी विट्यात कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझा अर्ज आजवर मजकुराच्या दोषावरून परत आलेला नाही. इतर लोक अर्ज लिहून हात झटकतात. मी पक्षकाराला घेऊन दुसऱ्या मजल्यावर जातो आणि टेबलासमोर उभा राहतो. काठी टेकत आलेल्या माणसाला कारकून प्रथम "बसा" म्हणतो, आणि बसवलेल्या माणसाचे काम होत नाही, हा माझा सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे. तेव्हा प्रश्न दीड इंच मांसाचा नव्हता. मी यापुढे उभ्याने बोलणार की बसून, हा होता.

म्हणून वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी जिममध्ये नाव घातले. तेथील शिक्षक साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. माणूस शिस्तीचा, परंतु बोलणे अर्धवट तोडून टाकण्याची त्यांना सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वजनकाट्यावर उभे केले.

"काका, वजन साठ. म्हंजी प्रोटीन बी साठ ग्रॅम, डेली. कमीत कमी. एवढं डोस्क्यात ठेवा, बाकी मी बघतो."

"हे प्रोटीन कशात असते?"

"हरभऱ्यात लय हाय." एवढे बोलून त्यांनी माझ्या हातात एक छापील कागद दिला आणि ते दुसऱ्याची कंबर सरळ करायला गेले.

कागद इंग्रजीत होता. वर एका पिळदार माणसाचे चित्र होते. मी ती जाहिरात समजलो आणि घडी करून ठेवून दिला.

मी कोणतेही काम नोंदीशिवाय करीत नाही. बांधीव वही घेतली. दर सोमवारी सकाळी, काही खाण्यापूर्वी, गुडघ्याच्या वाटीपासून वर दहा बोटे मोजून बॉलपेनने खूण करावयाची आणि तेथेच फीत लावावयाची. दंड, छाती, दोन्ही मांड्या. छाती श्वास सोडून घ्यावयाची, फुगवून नव्हे. फुगवलेल्या छातीच्या नोंदीला मी फसवणूक मानतो. प्रत्येक माप आकडी व अक्षरी, दोन्ही लिहीत असे. साक्षीला आमची मंडळी.

"आवं, फीत जरा सैल सोडू का?" ती विचारी. "तेवढंच वाढल्यागत दिसंल."

"तू शपथेवर माप घेत आहेस असे समज."

"मग आधी पँट तरी न्हाई घसरणार अशी धरा," ती म्हणे.

हरभऱ्यांसाठी मी त्याहून काटेकोर व्यवस्था केली. माझा मेव्हणा दक्षिणेत सोने गाळण्याच्या धंद्यात आहे. त्याने सोने तोलण्याचा आपला एक जुना काटा आमच्या घरी ठेवला होता. त्यावर मी रोज सायंकाळी कोरडे हरभरे बरोबर साठ ग्रॅम तोलून भिजत घाली व सकाळी चावून खाई. एक दाणा जास्त झाला तर काढून टाकी. कोटा पूर्ण झाला म्हणजे झाला. मंडळी दूध पुढे करी, मी नको म्हणे. अंडी उकडी, मी परत पाठवी. हुलग्याचे माडगे केले, तेही नाकारले. जास्त प्रोटीनने मूत्रपिंडाला त्रास होतो असे कोणीतरी सांगितले होते, आणि मर्यादेचे उल्लंघन माझ्या स्वभावात नाही.

शिक्षक मधूनमधून विचारीत, "काका, प्रोटीन पुरं हुतंय न्हवं?"

"तोलून साठ ग्रॅम. लेखी आहे."

"मग कंटिन्यू."

सहा आठवडे झाले. पायाने पाच किलो ढकलत होतो तेथे पंधरा ढकलू लागलो, परंतु उजवी मांडी सतरा इंच, अक्षरी सतरा, जागची हलली नाही. उलट डावी सव्वाअठरावर उतरली. जी मांडी मोडली नव्हती तीही कमी व्हावी! मी फीत बदलून पाहिली. नव्या फितीनेही तेच सांगितले. तेव्हा मी शिक्षकांच्या नावे दोन पानी अर्ज लिहिला. सूचनेचे तंतोतंत पालन करूनही अर्जदारास फळ मिळालेले नाही, सबब व्यायामप्रकारांची फेरतपासणी व्हावी, असा त्याचा आशय होता. त्यांनी तो आरशाजवळ उभे राहून वाचला. मागे एक ट्रॅक्टरवाला वजने उचलीत होता, तो म्हणाला, "काका, अर्जानं मांडी वाढत आसती तर आमी कशाला घाम गाळला आस्ता?" सगळे हसले. शिक्षकही हसले. मी त्या दिवशी बैठका न मारताच घरी आलो. सहा आठवडे शिल्लक होते, आणि कोपऱ्यातली छत्री टेकून चालून पाहावे असे मला प्रथमच वाटले. मी ती टेकलीही. दारापासून मोरीपर्यंत.

त्याच आठवड्यात मेव्हणा गावच्या जत्रेसाठी आला. स्वयंपाकघरात आपला काटा व त्यावरचे हरभरे पाहून तो थबकला.

"दाजी, ह्ये काय? हरभरं दागिन्यात घालायला लागला का काय तुमी?"

मी त्याला सर्व हकीकत क्रमाने सांगितली, वहीही दाखवली. त्याने मापे न वाचता वहीत ठेवलेला तो इंग्रजी कागद उघडला. माझ्यापेक्षा दोन इयत्ता कमी शिकलेला हा मनुष्य, परंतु परमुलखात राहून त्याला ती भाषा अवगत झाली आहे.

"दाजी, ह्या हरभऱ्याचा टंच किती?"

"कसला टंच?"

"आवं, आमच्याकडं गिऱ्हाईक सोन्याचा डाग, म्हंजी दागिना, घिऊन येतंय. डाग भरतोय दहा ग्रॅम. म्हणून काय दहा ग्रॅम सोनं झालं? त्यात तांबं आसतंय, चांदी आसतीया. गाळून सोनं किती निघतंय, त्यो त्येचा टंच. ह्या कागदात लिवलंय, हरभऱ्याचा टंच शंभराला वीस. तुमी साठ ग्रॅम डाग तोलला, दाजी. सोनं निघालं बारा."

मंडळी पदर तोंडावर धरून बाहेर गेली.

मला संताप आला, तो आजही पुरता शमलेला नाही. इंग्रजीत दिलेली नोटीस बजावली गेली असे मी मानत नाही. ज्याला साठ ग्रॅम सांगितले त्याला कशाचे साठ हे सांगणे, हे सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे. परंतु खरा डंख वेगळाच होता, आणि तो लिहिल्याशिवाय ही हकीकत प्रामाणिक होणार नाही. पूर्वेकडच्या दुष्काळी गावांतून मेंढरे राखणारी मंडळी सातबारा घेऊन माझ्यापुढे बसतात आणि एकूण क्षेत्र पाहून खूश होतात. त्यांना मीच दरडावतो, "पोटखराबा वजा केला का? खडक आणि ओढा नांगरणार आहात काय?" एकूण क्षेत्र वेगळे आणि पिकाखालचे क्षेत्र वेगळे, हे ज्याने अर्ध्या तालुक्याला शिकवले, त्याने सहा आठवडे खडकासकट हरभरा मोजला. हे मेव्हण्याने सांगावे, आणि तेही स्वतःच्या धंद्याच्या शब्दात!

"पाव्हणं," मी म्हणालो, "याला आमच्याकडे पोटखराबा म्हणतात."

"म्हना की. खावा फकस्त."

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांपुढे उभा राहिलो. "आपण कशाचे साठ हे विचारले का नाही?"

"आवं काका, तुमी म्हणला लेखी हाय. लेखी म्हणल्यावर मी काय बोलनार? मला वाटलं, ह्यो माणूस वकिलागत हाय, ह्येनं कागद वाचला आसंल."

मी तेथेच वही उघडून 'साठ ग्रॅम' खोडले व 'बारा' लिहिले, आकडी व अक्षरी.

त्यानंतर मी प्रत्येक पदार्थाचा टंच मराठीत लिहून वहीला चिकटवला. दूध, अंडी, डाळ, मटकी, हुलगे, सर्वांतून पोटखराबा वजा करून साठ गाठू लागलो. ताट एवढे भरू लागले की मंडळी म्हणाली, "आधी एक दाणा मोजत हुता, आता मला पातेलं मोजावं लागतंय." तिसऱ्या आठवड्यात फीत पाव इंच सरकली. मी तीनदा मोजले.

तीन महिने भरले तेव्हा उजवी पावणेअठरा होती आणि डावी पूर्ववत साडेअठरा. दीड इंचाची तूट अर्धीच भरली होती. मिरजेला जाताना मी गाडीत बोलण्याची तयारी केली. मुदतवाढीची विनंती कशी करावी हे मला कोणी शिकवायला नको.

डॉक्टरांनी वहीला हातही लावला नाही. "हात छातीवर ठेवा, खुर्चीवरून उठा," ते म्हणाले. मी उठलो. "पुन्हा." मी उठलो. असे दहा वेळा त्यांनी मला उठवले, आणि अकराव्या वेळी मी त्यांनी न सांगता उठलो.

"काठी नको. व्यायाम सोडू नका."

"परंतु माप?" मी विचारले. "आपण स्नायू भरला पाहिजे असे सांगितले होते. फीत लावा."

"अहो, उठता ना? मग फीत कशाला?"

बारा सोमवारांची नोंद, आकडी व अक्षरी, साक्षीसह, त्यांच्यापुढे टेबलावर पडून होती. बाहेर दुसरा रुग्ण खोकत होता. डॉक्टरांनी मला "बसा" म्हटले नाही, "या आता" म्हटले. मी मात्र हललो नाही. काठीची आवश्यकता नाही एवढे त्यांनी कागदावर लिहून द्यावे, अशी मागणी केली, आणि ते लिहून होईपर्यंत टेबलासमोर उभाच राहिलो.