भाऊ, पिल्लं आणि सासऱ्यांचे थेंब

भाऊला दोन गोष्टी येत होत्या, केस कापणं आणि बोलणं. त्यातलं बोलणं जास्त चांगलं यायचं. त्याच्या सलूनच्या खुर्चीत मान खाली घालून बसलं की मूळव्याधीपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळ्यावर सल्ला मिळे. नको म्हणायची सोय नव्हती, मानेवर वस्तरा असायचा.

एका बेवारशी मांजरीनं त्याच्या टॉवेलांच्या कपाटात तीन पिल्लं घातली. पिल्लांचे डोळे उघडले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मिटले. पिवळ्या चिकट घाणीनं पापण्या डिंक लावल्यासारख्या बसल्या होत्या, वर शिंका चालू.

"साधं आहे," भाऊ म्हणाला. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर उरलेली थेंबांची बाटली त्यानं घरून आणली, नखानं पापण्या ओढून उघडल्या आणि सकाळ-संध्याकाळ थेंब घालायला लागला. दोन पिल्लं तशीच राहिली. सगळ्यात बारक्याचा डोळा मात्र सुजून टम्म झाला.

तेव्हा पोस्टमास्तरांची दाढी अर्धी झाली होती. त्यांना फेसासकट सोडून भाऊ पिल्लं टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावला. मागोमाग त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी.

"डोळ्यात काय घातलंत?" बाईंनी विचारलं.

भाऊनं बाटली पुढे केली.

"ही कुणाची?"

"सासऱ्यांची."

"सासरे मांजर आहेत?"

"गुरगुरतात तसे."

बाई हसल्या नाहीत. "यात स्टेरॉइड आहे. बुबुळावर जखम असली की यानं ती चिघळते. याला जखम आहे. हा डोळा वाचेल असं मी सांगत नाही."

भाऊचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून काही आलं नाही.

"बाई," वहिनी म्हणाली, "हे पहिल्यांदाच गप्प झालेत. यांना रोज आणत जाऊ का?"

बाईंनी रीत दाखवली. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवायचा, पापणीवर धरून घाण मऊ होऊ द्यायची, मग नाकाकडून बाहेर पुसायचं. ओढाओढ नाही. प्रत्येक डोळ्याला नवा कापूस, मग त्यांनी दिलेलं मलम, आणि आधी-नंतर हात धुवायचे.

त्यानंतर सलूनमध्ये गिऱ्हाइकं ताटकळायची आणि भाऊ कपाटापुढे उकिडवा बसायचा. कुणी चहाचं पाणी सुचवलं, कुणी मध. भाऊ सगळ्यांवर खेकसायचा. बारक्याला पुसताना त्याचा हात थरथरायचा. तो बघून एकदोघांनी दाढी दुसरीकडे करून घेतली.

मोठ्या दोघांचे डोळे लख्ख झाले. एक डॉक्टरीणबाईंच्या शेजारणीनं नेलं, दुसरं शिंप्यानं. बारक्याचा डावा डोळा पांढरा पडला तो पडलाच. भाऊ दोन दिवस नीट जेवला नाही. वहिनी चिडली, "डोळा त्याचा गेला, उपास तुम्ही कसले करताय?" आणि बारक्याला उचलून घरी घेऊन आली.

आता तो डाव्या बाजूनं टेबलाच्या पायावर धडकतो, थांबतो, आणि चूक टेबलाचीच असल्यासारखा त्याला पंजा मारतो.