आबांचं मुठेल

"बी हितं!"

तोंडात बोर असो नाहीतर जांभूळ, आबांचा उघडा तळहात तुमच्या हनुवटीखाली आलाच म्हणून समजा. बी थुंकायची सोय नाही. असा एखादा नग तुमच्याही आळीत असेल, पण आमच्या आबांची सर त्याला यायची नाही.

आबा मूळचे बेडश्याचे. रेल्वेत सांधेवाला म्हणून जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर लोणावळ्यातच आमच्या मागच्या खोलीत राहिले. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. हिवतापातून उठली ती निव्वळ काडी होऊन. डॉक्टर म्हणाले, तूप, लोणी, काहीतरी स्निग्ध पोटात जाऊ द्या. पण मावशीला तुपाचा वास सोसेना. लढाईचे दिवस, तेल मिळायचं तेही खवट. पहिल्या घासालाच ती ताट सरकवायची. तिच्या अंगाला काहीतरी लागावं, एवढ्या एकाच गोष्टीसाठी आबांनी बियांचा नाद धरला.

मी एकदा विचारलं, "आबा, बियांत एवढं असतं तरी काय?"

"गर पाखरांसाठी आन् आपल्यासाठी. बी झाडाच्या लेकराची. आईनं लेकराला बांधून दिल्याली शिदोरी कदी हलकी आसती व्हय, पोरी?"



सोमाटण्याला एका लग्नात आमरसाची पंगत उठली आणि आबा टोपलं घेऊन कोयी गोळा करायला लागले. वरबापाला वाटलं, यांच्या घरी जनावरं फार. म्हणाला, "आबा, संगं कडबा बी देऊ का?"

"जनावराला न्हाई, बायकूला पायजेल," आबा म्हणाले. मांडव हसून हसून लोळला. आबांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

त्या कोयींतून तेल निघालं ते बोट ओलं होईल इतपत. पीठ मात्र डबाभर. त्याची भाकरी आम्हालाही चाखावी लागली. आई गं! इतकी तुरट, की आजही आठवली की जीभ आखडते. मावशी म्हणाली, "लग्नात सोनं घालाय जमलं न्हाई, आता म्हातारपणी बिया चारत्यात!"

मग वैशाखात घरोघरी आमसुलं करायला घेतली. रातांब्याची सालं आम्ही वाळत घालायचो आणि बिया उकिरड्यावर टाकायचो. आबांचा तळहात दारोदार फिरला. बिया धुतल्या, वाळवल्या, कुटल्या, मोठ्या पातेल्यात पाणी घालून उकळल्या. वर तवंग आला. तो निवून घट्ट व्हायला लागला तसा आबांनी काढून घेतला आणि मुठीत दाबून दाबून गोळे केले. मुठीनं वळायचं म्हणून त्याचं नाव मुठेल. पांढरट, मेणासारखं. गरम भातावर खरवडलं की विरघळलंच.

मावशीनं ताट हुंगलं. पुन्हा हुंगलं. "कशाचाच वास न्हाई की वो!" म्हणाली आणि भात संपवला.

आबा तसेच आमच्या दारात आले. "पोरी, जेवली!" एवढंच म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसत परत गेले.

गुण मुठेलाचा की आग्रहाचा, ते मला विचारू नका. पण दसऱ्यापर्यंत मावशीच्या बांगड्या कोपराकडे घसरायच्या थांबल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच वर्षी थंडीत आबा गेले. दुपारी अंगणात बोरांच्या बिया निवडत होते, छातीत कळ आली आणि संपलंच.

तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि मावशीनं पुन्हा ताट सरकवायला सुरुवात केली. "भूक न्हाई गं," म्हणायची. रोज तेच. मला वाईट वाटायचं आणि खरं सांगते, रागही यायचा. त्या माणसानं एवढा उपद्व्याप केला तो काय यासाठी?

एके दिवशी मी वाफाळता भात घेऊन गेले. फळीवर मुठेलाचा शेवटचा गोळा होता. तो काढला, सुरी घेतली. कधी आवाज न चढवणारी मावशी ओरडली, "त्याला हात लावू नगंस!"

मी गोळ्याकडे पाहिलं. त्यावर आबांच्या चारही बोटांच्या खोल खुणा उमटल्या होत्या. सुरी खाली ठेवली. भात निवत चालला होता.

शेवटी मावशीनं डावा हात पुढे केला. बांगड्या नसलेला तो हात पाहवेना. तिनं गोळा घेतला, आबांच्या खुणांत आपली बोटं एकेक करून बसवली आणि त्याची दुसरी बाजू माझ्याकडे धरली.

"बोटांकडनं नगं," ती म्हणाली. "तळहाताकडनं खरवड."

मी खरवडलं. गोळा तसाच डाव्या मुठीत धरून मावशी जेवली.