किसनरावांच्या अंगात देवी आली नव्हती

नवरात्रातली चौथी माळ. भर दुपारी जालन्यात आमच्या हॉस्पिटलच्या दारात एक जीप येऊन थांबली... नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी तेव्हा तिथे सिस्टर होते आणि आमचं आयसीयू म्हणजे चार कॉट, एक मॉनिटर आणि एक तापट बाई. तापट बाई म्हणजे मीच!

पाच-सहा जणांनी मिळून किसनरावांना उतरवलं. टेंभुर्णीकडचे शेतकरी, वय चाळिशीचं. कपाळभर कुंकू, गळ्यात हार, अंग थरथरतंय, सदरा घामानं चिंब... आणि समोर कुणी नसताना कुणाशी तरी भांडण चाललेलं.

त्यांचे मोठे भाऊ दादाराव सांगू लागले, दोन दिवसांपासून अंगात देवी आली आहे. घरच्यांनी ओवाळलं, गावातले लोक नारळ घेऊन पाया पडून गेले. आदल्या दिवशी झटका येऊन तोंडाला फेस आला, तोही देवीचाच म्हणून सोडून दिला. पण सकाळी त्यांनी बायकोलाच ओळखलं नाही, तेव्हा कुठे जीप काढली.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. दारू घेतात का म्हटल्यावर दादाराव भडकलेच. "घट बसलेत आमच्या घरी. नवरात्रात दारू? बिलकुल न्हाई." मी केसपेपरवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, दारू : नाही. चूक झाली ती इथेच.

आमचे डॉक्टर तरुण, औरंगाबादहून नुकतेच आलेले, पण हुशार. त्यांनी मेंदूज्वर धरून उपचार सुरू केले. तास गेला, दीड तास गेला, किसनराव आणखीच बिघडले. चादरीवर नसलेल्या मुंग्या वेचत होते, नाडी सुसाट, ताप चढलेला, दोघांनी धरूनही कॉटवर राहीनात. डॉक्टर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले की असंच चाललं तर हा माणूस आपल्या हातून जाईल.

मी औषध आणायला बाहेर पडले, तर पाण्याच्या टाकीपाशी त्यांची बायको, शेवंताबाई, एकटीच बसलेली. माझं माहेर वाटूरचं. आमचे एक काका घट बसले की नऊ दिवस बाटलीला शिवायचे नाहीत आणि दहाव्या दिवशी सगळी कसर भरून काढायचे... तिला बघून दादारावांचं 'घट बसलेत' आठवलं, त्यावरून ते काका आठवले आणि मी तिथेच थबकले. विचारलं, बाई, घट बसायच्या आधी घेत होते का?

"आधी तर रोजचंच व्हतं, ताई. सकाळी चूळ भरायच्या आधी लागायची. म्हणून तर घटापुढं शप्पथ घेतली त्यांनी. नऊ दिवस न्हाई, जल्मभरासाठी सोडली."

सांगताना त्या बाईचा चेहरा अभिमानानं फुलला होता.

मी पळतच आत गेले. डॉक्टरांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की शरीर असं बंड करून उठतं, वेळेला जीवही घेतं. हे आम्ही दोघांनीही वाचलेलं होतं, पण कागदावर मी 'नाही' लिहून ठेवलं होतं ना!

मग खरी लढाई सुरू झाली. शिरेतून शांत करणारं इंजेक्शन दिलं... फरक नाही. परत दिलं... परत... डोस इतका झाला की डॉक्टरांनाच घाम फुटला. त्यांनी औरंगाबादला आपल्या सरांना एसटीडी लावला. सर म्हणाले, माणूस शांत होईपर्यंत देत राहा, ग्लुकोजच्या आधी बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन द्या आणि श्वासावरची नजर हलू देऊ नका. नजरेचं काम माझ्याकडे आलं. मी किसनरावांच्या छातीवर हात ठेवून, घड्याळाकडे बघत श्वास मोजत बसले.

तेवढ्यात दादारावांनी सदऱ्याच्या आतून दारूची क्वार्टर काढली. म्हणाले, एक घोट पाजा, गावात असंच करतात, माणूस जल्दी थंड होतो. अगदीच खोटं नव्हतं ते, पण शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं छातीत गेलं असतं तर संपलंच होतं. मी तोंड उघडायच्या आत शेवंताबाईंनी बाटली हिसकावली आणि बेसिनमध्ये रिकामी केली.

मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू विचारलं, "ताई, हे इंजेक्शनबी नशेचंच की. मंग शप्पथ मोडली का त्यांची?"

मी आयुष्यात फार कमी वेळा शहाण्यासारखं बोलले आहे, त्यातली ही एक. म्हटलं, "नाही बाई. ही कुबडी आहे. पायात बळ आलं की आपण रोज थोडी थोडी काढून घेऊ."

दिवेलागणीला किसनराव शांत झोपले. श्वास एकसारखा, नाडी खाली... तेव्हा कुठे मी चहा प्यायले, तोही गार झालेला. पुढचे दिवस आम्ही डोस कमी कमी करत आणला.

सातव्या माळेला सकाळी मी ताप बघत होते, तर त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे सरळ बघितलं. विचारलं, "आज कितवी माळ?" मी सांगितलं, सातवी. "मधी घेतली का मी?" एक थेंबही नाही, म्हटलं. तो दांडगा गडी ढसाढसा रडला. मीही रडले, डॉक्टर उगाचच खिडकीबाहेर बघत उभे राहिले. दसऱ्याला किसनराव स्वतःच्या पायांनी चालत घरी गेले.

पुढच्या वर्षी घट बसायला आठवडा होता. सकाळी ओपीडीत येऊन बघते तर बाकड्यावर शेवंताबाई. शेजारी किसनराव, अंगानं चांगले भरलेले, आणि दोघांच्या मध्ये त्यांच्या गावातले दोन थरथरत्या हातांचे गडी.

शेवंताबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "यांनाबी देवीपुढं सोडायची हाय. पण आधी तुम्ही भरती करून घ्या, मंग शप्पथ घेतील."

दोघंही आयसीयूत न जाता, साध्या वॉर्डातूनच बरे होऊन घटस्थापनेला घरी पोचले. त्याच्या पुढच्या वर्षी तिघं आले... आणि बाई स्वतः सोबत.

आमच्या आयसीयूनं तेव्हा एक माणूस वाचवला, याचा मला आजही अभिमान आहे. शेवंताबाईंनी किती वाचवले, ते मात्र त्यांच्या गावालाच विचारावं लागेल.