निशी स्टॉप

निशिकांत शहाणा माणूस आहे, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत त्याने जन्मभर एकाने भरलेली नोंद दुसऱ्याकडून तपासून घेतली. निवृत्त झाल्यावर सेम्बावांगला आमचे फ्लॅट उठण्याआधी जे खेडं होतं, त्यातल्या ओढ्या-टेकड्यांची नावं नकाशावर उतरवायला निघाला. काम चांगलं. नियम मात्र बँकेचाच: एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी सांगितल्याशिवाय नाव चढणार नाही. नकाशा अजून कोराच होता.

ती नावं ठाऊक असलेल्या एकट्या रोकियाबाई उरल्यात. मलायमध्ये मावशीला माकचिक म्हणतात, आम्हीही त्यांना तसंच म्हणतो. त्या शनिवारी लेकीकडे, सीमेपलीकडच्या जोहोरला, कायमच्या निघाल्या होत्या. जागा दाखवायला परत येणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून शुक्रवारी आम्ही तिघं फिरायला निघालो.

"हा सुंगाई टिडुर," काँक्रीटच्या नाल्याकडे बोट दाखवत माकचिक इंग्रजीत म्हणाल्या. "झोपाळू ओढा. पाणी हलायचंच नाही."

"आणखी कोण सांगेल?" निशिकांत.

"आणखी कोण? सगळे गेले."

कार पार्कमागचा चढ म्हणजे बुकिट आंगिन, वाऱ्याची टेकडी. तिथेही तोच प्रश्न.

"मी सांगते ना," मी मराठीत म्हणाले. "वीस वर्षं ऐकतेय."

"काकू, तुम्ही त्यांच्याकडूनच ऐकलंत. सोर्स एकच झाला."

"अरे, तो सोर्स उद्या जोहोरला चाललाय!"

"नियम म्हणजे नियम, काकू."

माझे यजमान गेल्यापासून मला इतका राग कुणाचा आला नव्हता.

नाल्याच्या वळणावर त्याने पुन्हा थांबवलं. एमआरटीच्या मेट्रो स्टेशनकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तो इथेच गाठून नावं विचारतो. माकचिक कठड्याला टेकल्या.

"हेही लिही. निशी स्टॉप."

"असं नाव नाहीये."

"मी तर हेच म्हणते. डॉक्टरकडे जाताना इथून सुटका नाही, लाह!"

मला एकदम सुनेचा मेसेज आठवला. शोधून फोन त्याच्या नाकासमोर धरला. 'आई, निशी स्टॉपवरून येऊ नका, दूध नासेल.'

"प्रणिता आणि माकचिक आजवर एकमेकींशी बोललेल्या नाहीत," मी म्हणाले. "झाले दोन साक्षीदार. चढव."

त्याने मेसेज दोनदा वाचला. त्याच्या नियमाने नकाशावर एकच नाव येत होतं, आणि ते त्याचं. माकचिक हसता हसता खोकायला लागल्या.

"माकचिक, पहिल्यापासून सांगा," तो शेवटी म्हणाला. "प्रत्येक नावाखाली लिहितो, 'रोकियाबाईंच्या सांगण्यावरून'."

"इथूनच सांगते."

"नाही, जागेवर जाऊन. फोटो हवेत."

भर उन्हात आम्ही दोघी म्हाताऱ्या त्याच्यामागून पुन्हा झोपाळू ओढ्याच्या टोकाला गेलो. सगळी नावं चढली. निशी स्टॉप तेवढा त्याने गाळला. माझ्या प्रतीवर तो मी पेनने घातला.