चहा पिऊन येतो

सरकारी नोकरीत एक गोड शब्द आहे: कार्यमुक्त. राजीनामा मंजूर झाला म्हणून डॉक्टर सुटत नाही. त्याच्या जागी दुसरा यावा लागतो, त्यानं चार्ज घेतल्याची सही करावी लागते, मग तुम्ही कार्यमुक्त. पाच महिने मी त्या शब्दाकडे डोळे लावून बसले होते.

बुलढाणा जिल्ह्यात, महामार्गालगतच्या एका गावातल्या रुग्णालयात मी अपघात विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे तीन खाटा, एक सिस्टर आणि मी. जोडीचा डॉक्टर बदली करून घेऊन गेला, तेव्हा त्याच्या पाळ्याही माझ्याच गळ्यात पडल्या. नवरा आणि सहा वर्षांची मुलगी पुण्यात. तिथल्या एका रुग्णालयानं मला घ्यायचं कबूल केलं होतं, पण सोमवारी हजर झाले तरच. मुलीनं फोनवर ‘कधी येणार’ विचारणंही सोडलं होतं. त्याचा मला संताप यायचा. तिचा नाही, माझाच.

शुक्रवारी सकाळी माझ्या जागेवरचा डॉक्टर आला. इस्त्रीचा शर्ट, नवाकोरा स्टेथोस्कोप. मी घाईघाईनं कपाटं उघडून दाखवली, किल्ल्या दिल्या आणि सहीचा कागद पुढे केला. सिस्टरनं मला बाजूला ओढलं. तीस वर्षांत तिनं असे कितीतरी डॉक्टर येताना-जाताना पाहिले होते.

“मॅडम, त्याले आधी एक पेशंट तर पाहू द्या. मंग सही घ्या.”

“घाई मला आहे सिस्टर, तुम्हाला नाही,” मी म्हणाले. वाईटच बोलले.

त्यानं सही केली आणि अधीक्षकसाहेबांनी कार्यमुक्तीचा आदेश माझ्या हातात ठेवला. तेवढ्यात उलटलेल्या जीपमधली चार माणसं आली. नव्या डॉक्टरनं एकाच्या डोक्याला टाके घातले, नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्या, हात धुतले आणि मला म्हणाला, “चहा पिऊन येतो.”

तासाभरानं अँब्युलन्सचा ड्रायव्हर आत डोकावला. “ते नवीन डॉक्टर? ते तं मलकापूरच्या एसटीत बसले ना, मॅडम!”

त्याचा फोन बंद होता. मला आधी हसू आलं, मग रडू. पण कागदावर मी सुटले होते. मी बॅग उचलली. सिस्टर माझ्याकडे न बघता चादर बदलत राहिली.

दारातच मोटरसायकल थांबली. दोघांच्या मध्ये एक बाई, मान टाकलेली. “वावरात काहीतरी चावलं, मॅडम,” तिचा नवरा म्हणाला. “हिचे डोये उघडूनच नाही राह्यले.”

पापण्या मिटल्या, बोलणं जड झालं, की पुढची पाळी श्वासाची. साप नाग असो की मण्यार, वेळ थोडा असतो. मी बॅग खुर्चीवर टाकली. सापाच्या विषावरचं औषध सलाईनमधून सुरू केलं, श्वास मंदावला तर हातानं दाबून हवा द्यायचा फुगा उशाशी घेतला आणि दोन तास तिच्या छातीवरची नजर काढली नाही. मी घाबरले होते. ही गेली असती तर मला पुणं कधीच गोड लागलं नसतं.

दुपारी तिनं एक पापणी अर्धी उचलली. मग दुसरी. माझ्याकडे बघून म्हणाली, “पाणी.”

मला जो आनंद झाला तो मुलीच्या जन्मानंतर कधीच झाला नव्हता. आणि पाठोपाठ त्या आनंदाचीच चीड आली. गुराला निदान आपलं दावं दिसतं. माझं हे असं होतं, कोणी बांधलंय म्हणावं तर कोणीच नाही.

साहेब आले. त्यांनी आदेश मागितला नाही, फक्त हात पुढे केला. मी तो देऊन टाकला. नवऱ्याला फोन लावला, तो मुलीनं उचलला. “कळलं,” ती म्हणाली. मी अजून काही सांगितलंही नव्हतं.

मला तिथून उठायचं होतं. “सिस्टर, चहा पिऊन येते.”

सिस्टरचा सलाईनवरचा हात थांबला. तिनं खुर्चीवरची माझी बॅग उचलली, औषधांच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

“या आता पिऊन,” ती म्हणाली.